आजोबांचं सामानसुमान

...नाही नाही, तुम्ही बसा हो, निवांत बसा, तुम्हाला एकेकाला एकेक खुर्ची आहे, पाठ टेकायला आहे, हात ठेवायला आहे, नशीबवान आहात, माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात जन्मलो त्या घरात मी बसायचं कुठे? साधा प्रश्न आहे. पस्तीस वर्षं दारोदार पाण्याचे मीटर वाचत फिरलो, उभ्यानं, वाकून, कधी कुत्रं मागे लागलेलं असताना! निवृत्त झालो तो कशासाठी? बसण्यासाठी! आणि तुम्हाला सांगतो, आमच्या दिवाणखान्यात तेव्हा चौदा जणांची सोय होती, मोजलीय मी, चौदा... आणि मला बूड टेकायला जागा नाही.

सुरुवात झाली सुनेपासून. सून वाईट नाही हो, हुशार आहे, गोड बोलते, आणि तिथंच तर गोची आहे, कडू बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. घर आमच्या आजोबांनी बांधलेलं, दुमजली, उंच छत, खिडक्यांना रंगीत काचा, खाली नक्षीची फरशी. सूनबाई म्हणाली, बाबा, घराला त्याचं जुनं रूप परत देऊ या. म्हटलं दे बाई. मला काय ठाऊक, घराला रूप म्हणजे मला डच्चू!

मग आल्या इंटिरियरवाल्या बाई. गळ्यात चष्मा, हातात रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा. घरभर फिरल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या, मला वाटलं चक्कर आली, पाणी आणायला धावलो, तर म्हणतात कशा, इथे जुन्याचा आणि नव्याचा संवाद घडायला हवा. संवाद! अहो, लग्नाला चाळीस वर्षं झाली, आमच्यात 'गॅस बंद केला का' यापलीकडे संवाद नाही, आणि इथे म्हणे कपाटानं सोफ्याशी गप्पा मारायच्या!

आणि सामान यायला लागलं. जुन्या बाजारातून शिसवी कपाट आलं, दार उघडलं की दुसऱ्याच कुणाच्या तरी घरच्या डांबराच्या गोळ्यांचा वास. पुरुषभर उंचीचा आरसा आला, पारा उडालेला, त्यात मी गुडघ्यापर्यंतच दिसतो, वरचा मी कुठे जातो देव जाणे. चार खांबांचा पलंग आला, पण त्यावर झोपायचं नाही, त्यावर उशा झोपतात, अकरा उशा! हे झालं जुनं. नवं काय, तर राखाडी सोफा, इतका बुटका की बसायला एक माणूस आणि उठवायला दोन. काचेचं टेबल, डोळ्यांना दिसत नाही, नडगीला बरोबर सापडतं. एक तीन पायांची खुर्ची होती, तिच्यावर जरा टेकलो तर इंटिरियरवाल्या बाई आतून पळत आल्या.

"काका, ती बसायची नाही, बघायची आहे."

मग मी बसायचं कुठे? तर हसल्या. मी काही विनोद केला होता का?

आणि माझी खुर्ची? हां, आता मुद्द्यावर येतो. माझी खुर्ची म्हणजे आजोबांची, खरीखुरी, घर बांधलं तेव्हाची. रुंद हातांची, सागवानी. वेत फाटला तेव्हा वडिलांनी हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीनं विणून घेतली. पुढे खिडक्यांचा आकाशी रंग डबाभर उरला, तो वाया कशाला जाऊ द्यायचा म्हणून मी तिला फासला. एक पाय किंचित आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आजोबा तीत बसले, वडील बसले, आता मी. घर केव्हाच मुलाच्या नावावर केलंय, मला काही नको, पण त्या खुर्चीत बसलो की वाटायचं, आपलं अजून कुणीतरी इथे आहे. तर बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, ताटात केस निघाल्यासारखं, आणि म्हणाल्या, काका, ही जुनी नाही, जुनाट आहे. दुसऱ्या दिवशी खुर्ची माळ्यावर! आणि आमची ही, माझी सख्खी बायको, घरचा भेदी, काय म्हणाली? "तुम्हाला कशाला लागतं हो एवढं बसायला?"

तरी मी गिळलं. खरंच गिळलं. पण मग ते घर सजवण्याचं मासिक निघतं ना, गुळगुळीत कागदाचं, त्याची माणसं फोटो काढायला आली. मला म्हणाले, आजोबा, जरा मागच्या अंगणात थांबता का, तुमच्या शर्टाचा रंग मध्ये येतोय. थांबलो. पाण्याच्या टाकीला टेकून दोन तास थांबलो. आणि आतून सुनेचा आवाज येतोय, मधाळ... हे कपाट आमच्या पणजेसासऱ्यांचं बरं का, आणि हा आरसा, हा पलंग, सगळं त्यांचंच, आम्ही फक्त जपलंय!

ऐकलंत? पणजेसासऱ्यांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं! अहो, आमचे आजोबा पोस्टात कारकून. होतं नव्हतं ते घराच्या भिंतींत घातलं, आत ठेवायला काही उरलं नाही. त्यांचं एकुलतं एक सामान माळ्यावर पालथं पडलंय, त्यांचा सख्खा नातू टाकीपाशी उभा आहे, आणि घरात त्यांच्या नावानं जुना बाजार भरलाय! तिथंच ठरवलं. म्हटलं, थांब तुझी जिरवतो. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी सूड? हो, सूड! दोन तास टाकीला टेकून बघा, मग बोला.

आमचा एक थोरला चुलतभाऊ आहे, त्याला सगळे मोजपट्टी म्हणतात. जमीनमोजणी खात्यात होता, खिशात अजून टेप. हक्क म्हटलं की या माणसाला ताप असेल तर उतरतो. आता आजोबांच्या मागे त्यांच्या तीन मुलांत वाटणी झाली, घर आमच्या वडिलांना, जमीन थोरल्या काकांना, म्हणजे मोजपट्टीच्या वडिलांना, दागिने आत्याला, आणि कागदाच्या शेवटी एक ओळ, सामानसुमान तिघांत समान. ती ओळ कुणी कधी हलवली नाही, कारण सामानच नव्हतं. मी काय केलं? मासिक छापून आलं, त्याचं पान कापलं आणि मोजपट्टीला पोस्टानं पाठवलं. एक शब्द लिहिला नाही! फक्त 'पणजेसासऱ्यांचं' या शब्दाखाली एक रेघ मारली. तीही पेन्सिलीनं.

रविवारी सकाळी नऊला दारात टेम्पो. मोजपट्टी, त्याचे दोन जावई, आणि त्याच्याकडेच राहते ती आमची आत्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. मोजपट्टीच्या एका हातात वाटणीपत्राची नक्कल, दुसऱ्या हातात मासिक. सुनेचा चेहरा असा पांढरा पडला, काय सांगू... आहा! बोलते काय बिचारी? विकत आणलंय म्हणावं तर छापलेलं खोटं ठरतं, आणि ते पान तिनं माहेरी, मैत्रिणींना, सगळ्या गावाला वाटलेलं. मुलगा माझा मोबाईलमध्ये डोकं खुपसून. शेवटी माझ्याकडे वळली. बाबा, तुम्हीच सांगा ना यांना.

मी सांगितलं! सावकाश सांगितलं, चव घेत. "खरं आहे हो, सगळं आजोबांचंच आहे." मोजपट्टी म्हणाला, मग तीन हिस्से करू. आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे माझी जीभ सुटली. एक हिस्सा कशाला सुनेला ठेवायचा? मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, आमच्या वाट्याला घर आलंय, सामानात आम्हाला काही नको, माझा हिस्सा मी सोडला, आजोबांचं जे जे म्हणून या घरात असेल ते घेऊन जा. मोजपट्टीनं तिथल्या तिथे लिहून घेतलं. मी सही ठोकली, झोकात! कपाट गेलं, आरसा गेला, अकराच्या अकरा उशा गेल्या, आणि मी दारात उभा राहून जावयांना सांगतोय, जपून हो, आजोबांचा पलंग आहे. असं सुख मला निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

टेम्पो भरला. तेवढ्यात आत्यानं मला बाजूला ओढलं. हळूच म्हणाली, "यातलं एकही माझ्या बापाचं नाही, एवढं मला कळतं. नेऊ दे त्याला. घरात चालायला जागा उरायची नाही, चांगली जिरेल मेल्याची." मी खूश! म्हटलं, अखेर रक्ताचं माणूस भेटलं. तर पुढे म्हणते, "बापाची खुर्ची कुठंय?"

माळ्यावरून उतरवली. म्हातारी बसली तीत. पुसलीही नाही, तशीच बसली धुळीत. आणि उजव्या हाताच्या खाली बोटं घालून चाचपत राहिली. तिथे लाकूड कुरतडलेलं आहे, मी आजवर समजत होतो उंदरानं. तर म्हणाली, दात येत होते तेव्हा मी चावायची इथे, बाबा कधी ओरडले नाहीत. आणि डोळ्याला पदर लावला. मला सांगा, अशा वेळी माणूस भांडतो का? आणि भांडणार कुठल्या तोंडानं, माझीच सही, 'आजोबांचं जे जे म्हणून असेल ते'! जावयांनी खुर्ची उचलली, आत्या पुढे, खुर्ची मागे, पुठ्ठ्याची घडी तेवढी माझ्या हातात राहिली.

बरं, म्हटलं, निदान तो बुटका सोफा तरी आहे. तर सोमवारी इंटिरियरवाल्या बाई हजर. म्हणाल्या, आता जुनं गेलं, एकट्या नव्यानं बोलायचं कुणाशी? सोफा परत, टेबल परत, ती बघायची खुर्ची पण परत! दिवाणखाना कसा, कबड्डी खेळा. मनात म्हटलं, चला, माझी बसायची सोय गेली खरी, पण हिची तरी जिरली.

कसली जिरतेय हो! मासिकवाले पुन्हा आले. रिकाम्या खोलीवर म्हणे आठ पानं करणार आहेत. मी आपला मधोमध उभा, हातात चहाचा कप, ठेवायलाही जागा नाही. त्यांनी विचारलं, आजोबा उभे का? तर सूनबाई माझ्याकडे बघून इतकी गोड हसली आणि म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना ना, बसून राहणं मुळी आवडतच नाही."

छापलंय तसंच. फोटोसकट.