मे महिन्यातली सावली

…नाही पवनभाऊ, फुटली नाही ती छपरातली काच, गळतबी नाही. तरी काढा, अन् तिथं साधा पत्रा ठोका. काहून म्हंजे? इतके वर्षं झाले तुमी मालेगावात पत्रे ठोकून राह्यले, तुमाले दिसत नाही का — वरतं पाहा, ऊन हाये का काचेवर? दुपारचे बारा वाजले, डिसेंबर महिना, अन् घरात दात वाजून राह्यले माहे. पह्यले असं नव्हतं भाऊ. नजमुन्निसाले, माह्या बायकोले, लकवा मारला तवा मीच बसवून घेतली ती काच — खाली बाज टाकली, धा ते तीन ऊन तिच्या पायावर. मी बाजूले रजया शिवत बसो, ती बोलत राहे. दोन हिवाळे मजेत गेले.

मंग आमच्या शादाबनं दक्षिणेकडच्या आपल्या हिश्श्यावर माळा चढवला. सख्खा लहान भाऊ हो! इचारलं होतं त्यानं, खोटं काहून बोलू — मे महिन्यात आला, भर दुपारी मले पत्र्यावर चढवलं, भिंतीच्या जागी धा फुटाचा बांबू उभा केला, म्हणे पाहा भाईजान, सावली बांबूच्या बुडालेच हाये, तुमच्या काचेले लागते का? नाही लागत म्हनलं, अन् देली सही. मे महिन्यात भाऊ! तवा सूर्य डोक्यावर राह्यते. हिवाळ्यात तो दक्षिणेले कलते, हे मले, रजया शिवणाऱ्याले, सुचलं नाही — पण तो? तो तर गवंडी हाये! वीस वर्षं झाले लोकाईचे घरं बांधून राह्यला, त्याले मालूम नव्हतं? मालूम होतं. म्हनूनच मे महिना.

भांडलो ना, लय भांडलो. तर काय केलं त्यानं — दुसऱ्या दिवशी आला, भाभीले उचललं, अन् आपल्या नव्या गच्चीवर उनात नेऊन बसवलं. आता रोज नेते. अन् ती जाते! एक डाव नाही म्हनली नाही. मलेच म्हणे, तुमीबी या ना वरतं. मी जाऊ? त्या गच्चीवर? — आयका, हासून राह्यली. आयकू आलं? माह्याजवळ बसून कवा अशी हासली नाही ती.

काय म्हनता? खोलीत अंधार होईन? होऊ द्या. इथं आता बसते कोण? चढा तुमी.