चुलीवर टाकलेलं जाळं

संध्याकाळी पाचला उत्तनच्या थांब्यावर भाईंदरच्या बसची रांग लागली होती. साल १९९४. देशातल्या घराघरांतून किती कार्बन हवेत जातो, त्या मोजणीतलं उत्तनचं काम पंचशीलानं नुकतंच संपवलं होतं. उन्हामुळे तिनं डोक्यावरून ओढणी घेतली होती. मागे दोन कोळणी उभ्या होत्या.

“रेजिना, लाकडं मोजनारी आली व्हती का गं तुज्याकडं?”

“आली ना. मी सांगितलं, जेवन गॅसवर करतो.”

“तुज्याकडं गॅस कधी आला?”

“न्हायच आला. चुलीवर जाळं टाकलं नि पुढ्यात बसले.”

“पेटत्या चुलीवर?”

“इझवलेली गं. तरी कोपरा जळला. नवरा भांडतंय आजून.”

“मग खरं सांगायचं की. सगळ्या देशाचा धूर मोजतायत म्हनं.”

“सांगनार व्हते. पर बाईनं दारातच नाकाला रुमाल लावला. आत आलीच न्हाय. तिला काय चूल दाखवू? मेली लाजच वाटली.”

“माज्याकडं पन तसाच रुमाल. मी पन गॅसच सांगितलं. आख्ख्या गल्लीनं तेच सांगितलं.”

“म्हंजे आपल्या गल्लीत धूरच न्हाय!”

दोघी खदखदून हसल्या. पंचशीलानं हातातला रुमाल मुठीत दाबला. बस आली.

“ए ताई, चढ ना पुढं.”

ती मान न वळवता बाजूला झाली.

उत्तनचे आकडे सकाळी दिल्लीला जायचे होते. बस सुटली, तेव्हा पंचशीला थांब्यावरच उभी होती.