कियूमर्सची अर्धी मिशी

इस्फहानच्या दवाखान्यात आम्ही एमएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे पेशंट इंजेक्शनसाठी बसलो होतो. शेजारी कियूमर्स न्हावी आणि शाळेतल्या मलीहेबाई बोलत होत्या.

"या आजारानं एका वेळी दोन कामं जमतच नाहीत. मला फळ्यावर लिहिताना बोलताच येत नाही हो आता. तुमचं कसं?"

"मी दारातल्या माणसाला आईपासून जावयापर्यंत सगळ्यांची खुशाली विचारत होतो. तेवढ्यात खुर्चीतल्या नवरदेवाची अर्धी मिशी गेली!"

"अगं बाई! मालकानं कामावरून काढलं?"

"काढतच होता. म्हटलं, यापुढे तोंडाला कुलूप. आता गिऱ्हाइकं माझ्याच खुर्चीसाठी थांबतात. म्हणतात, डोकं न खाता भादरणारा गावात तू एकटाच."

"मग बोलता कुठे?"

तेवढ्यात नर्सनं त्याचं नाव पुकारलं.

"आधी यांना घ्या," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "माझं अजून बोलून व्हायचंय."