शेजारच्या बाकड्यावरची शंका

परतूरच्या फलाटावर गाडीची वाट बघता बघता साखराबाईंचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले.

"आबा, फोटोत दूरच्या आकाशगंगा एकाच बाजूला ताणलेल्या दिसून राह्यल्या. मधल्या न दिसणाऱ्या वजनानं त्यांचा उजेड वाकवलाय."

"दुर्बीणच वाकडी असंल."

"ते ताऱ्यांवरून तपासलंय, त्याच फोटोत तारे गोलच दिसतात."

"मंग त्या मुळातच तशा असतील."

"सगळ्या एकाच दिशेला?"

"वारं सुटलं की आपली मेंढरं एकाच दिशेला तोंड करून बसतेत. त्यांना कोण वाकवतंय?"

"मेंढरं जवळजवळ असतात, आबा."

"आन् तुझ्या त्या एकमेकींपासून दूरदूर हायेत? बराबर मोजलंस?"

"त्यांच्या रंगावरून अंतराचा अंदाज काढलाय."

"अंदाज."

गाडी आली. पोरगी उठली न्हाई. तिनं फोन लावला.

"सर, आपला पेपर आज छापायला पाठवू नका. अंतरं परत तपासते... शंका माझ्या वडलांनी काढली... न्हाई सर, मेंढरं राखतात."