फाइलवरचं नाव

स्वारगेटहून धायरीला निघालेल्या बसमध्ये सुहासिनीबाईंना उन्हानं पेंग येत होती. पुढच्या सीटवर एक काका आणि त्यांची पुतणी बोलत होती.

“काका, बिल्ड दुरुस्त झाला!”

“कुठल्या बिल्डरचा?”

“अहो, सॉफ्टवेअर जोडायची कृती. गाण्याच्या फाइलवर गाणाऱ्याचं नाव लिहिणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आहे आमची. फुकट, सगळ्यांसाठी.”

“मग अडलं कुठे होतं?”

“कोडचा एक जुना तुकडा माझ्या लॅपटॉपवर पडून होता, पण कृतीत लिहायचाच राहिला होता. म्हणून फक्त माझ्याकडे चालायची.”

“म्हणजे घरात गाणारी, बाहेर मुकी.”

“अगदी! आता सगळीकडे चालेल. पहिली फाइल काकूच्या कॅसेटची करते. नाव काय घालू? सुधा देशपांडे?”

“नको. इंदू फाटक घाल.”

“ती कोण?”

“तीच. लग्नात आम्ही नाव बदललं. सुधा ओट्यापाशी गुणगुणायची, तेवढंच. कॅसेटवर गातेय ती इंदू.”

सुहासिनीबाईंनी खिडकीकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत आपलं माहेरचं नाव घेतलं. “वेणू.”

मग कुणी हाक मारल्यासारखं त्यांनी मागे वळून पाहिलं.