तुळजाबाईंनी सांगितलेलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, वाचनालयाचे पदाधिकारी, महाड-पोलादपूरच्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि जिचा सत्कार करून आज आपण तिला पुण्याला लेखन शिकायला पाठवतो आहोत ती अनुष्का,

आधी क्षमा मागतो. हे भाषण आठ दिवसांपूर्वी लिहून द्यायचं होतं, ते आज सकाळी झालं. माझं शिक्षण सातवी नापास. आवाज मागे जातोय ना? नसेल तर हात वर करा. मला नीट दिसत नाही, पण कोणीतरी सांगेल.

नव्या लेखकांना चांगल्या सवयी सांगा, असं मला म्हटलं. मी कुठला लेखक? चाळीस वर्षं वाडीतल्या लोकांची मुंबईला जाणारी पत्रं लिहिली, एवढंच. तरी सांगतो. रोज एकाच वेळी बसावं. पोट गच्च भरून बसू नये, झोप येते. मान वाकवून लिहू नये, माझी मान त्यातच गेली. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पेन टेकवू नये. आणि मोबाईल लांब ठेवावा, हे अध्यक्षांनी मुद्दाम सांगायला लावलंय.

आमच्या वाडीची एक रीत होती. मुंबईतल्या माणसाला काळजी कळवायची नाही. गाय मेली तरी सर्व खुशाल, अंगात ताप असला तरी सर्व खुशाल. आमचा पोस्टमन धोंडू म्हणायचा, "महिपती, तुझ्या पत्रात कोण आजारीच पडत नाय रे. मलापण त्या वाडीत राहायला ने." आम्ही हसायचो.

अनुष्काच्या बक्षीस मिळालेल्या गोष्टीत तिच्या आजीचं शेवटचं पत्र आहे. 'सर्व खुशाल आहे, येण्याची घाई करू नये.' डोंगर खाली येणार हे आजीला ठाऊकच नव्हतं, असं पुढे लिहिलंय. मघाशी तिनं ते वाचलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. कोणाच्या लक्षात आलं असेल तर त्याचं कारण सांगतो.

तिची आजी तुळजाबाई माझ्या ओट्यावर बसली होती. वीस वर्षं झाली. म्हणाली, "लिव. गोठ्यामागं भुई फाटलीय, कोपरापर्यंत हात जातोय. मुरारीला म्हणावं, मला घेऊन जा."

मी म्हटलं, "पोरगा नोकरी टाकून पळत येल गो."

"मग येऊ दे की. त्याच्यासाठीच सांगतेय ना, येड्या."

मी सवयीनं जे लिहिलं ते तुम्ही ऐकलंत. मग ती म्हणाली, वाचून दाखव. मी कागद समोर धरला आणि तिचंच बोलणं तिला ऐकवलं. गोठा, भुई, कोपरापर्यंत हात, सगळं. कागदावर त्यातलं काही नव्हतं. ती म्हणाली, "बेस लिवलंस." आणि उठून घरी गेली.

बाराव्या दिवशी डोंगर आला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती ढिगाऱ्याखाली सापडली. मुरारी, म्हणजे अनुष्काचे वडील, मला म्हणाले, "काका, सुटी टाकणार होतो. तुमचं पत्र आलं म्हणून थांबलो." मी त्यांना प्यायला पाणी दिलं.

तेव्हापासून पेन हातात घेतलं की "बेस लिवलंस" ऐकू येतं. महाडच्या डॉक्टरांनी तपासलं, कान ठीक आहेत म्हणाले. ती रागावून बोलली असती तर मला सोसलं असतं. अध्यक्ष महोदय, ज्याला अक्षर येत नाही त्यानं कोणावर भरवसा ठेवायचा?

अनुष्का, आजीला ठाऊक होतं. ती तुझ्या बाबांना बोलावत होती. गोष्ट पुस्तकात जाण्याआधी तेवढं बदल, आणि माझं नाव घाल.

तुम्ही सगळ्यांनी बोलू दिलंत, आभारी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे काढलं, कमीजास्त बोललो असेन तर पदरात घ्या. मुरारी आज आलेले नाहीत. पोरी, त्यांना हे तूच सांग. ते जे म्हणतील ते मला कळव. शिव्या दिल्या तर शिव्या कळव, त्यांच्याच शब्दांत. माझं वय झालंय, फार दिवस लावू नकोस.