लोड घेऊ नका, काका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. दिवाळीच्या पाडव्याआधी माझा पहिला अर्ज वीज कार्यालयात पोहोचला, तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात दुसरा, आणि परवा संक्रांतीला तिसरा. तिन्हींची पोहोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. जबाबदार इसम तीन: परभणीचा चार्जर विकणारा दुकानदार, आमच्या वीज कार्यालयाचे साहेब, आणि तिसरा मी स्वतः, कारण गाडी घेण्याआधी घरचे वीजबिल मी वाचले नाही. पत्र छापताना माझेही नाव छापा, वगळू नका.

मूळचा मी पेडगावचा. वडिलांना अक्षर येत नव्हते, कुणीही कागद पुढे केला की ते अंगठा द्यायचे, आणि नंतर घरी येऊन मला विचारायचे, त्यात काय होतं रे? मी परभणीच्या दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो, नाझर होऊन निवृत्त झालो, समन्स, जप्ती, ताबा, सगळे कागद माझ्या हाताखालून गेले, आणि काय सांगू तुम्हाला, तोंडाने हो म्हणून उलटलेली माणसे मी इतकी पाहिली की मला तोंडी बोलण्याची शिसारीच आहे. निवृत्तीनंतर ताडकळसला घर बांधले, कारण सौभाग्यवतीचे माहेर इथले.

गेल्या उन्हाळ्यात लकव्याने तिची उजवी बाजू गेली. परभणीचे डॉक्टर म्हणाले, दिवसाआड व्यायामाला आणा, मूठ उघडेल. एसटीची पायरी तिला चढता येईना. दोनदा कंडक्टरने खाली उतरून धरले, तिसऱ्यांदा ती सगळ्यांदेखत रडली, आणि त्याच दिवशी मी गाडी घ्यायचे ठरवले. नांदेडच्या एका प्राध्यापकाची जुनी इलेक्ट्रिक गाडी मिळाली. गाडी उत्तम आहे, माझी तक्रार गाडीबद्दल नाही; भिंतीवरचा चार्जर मात्र त्याने आपल्या नव्या गाडीसाठी ठेवून घेतला.

म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, काका, हा सात किलोवॅटचा न्या, लय भारी हाय, झटक्यात फुल्ल. मी गाडीचे पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरले, की गाडीच्या आतले यंत्र सव्वातीनच्या आसपासच वीज घेते, मग हा मोठा लावला तरी गाडी तेवढ्याच वेळात भरणार, हे खरे की खोटे ते लिहून सही करा. तो म्हणाला, काका, तुमी चार्जर घ्यायलाव का माझ्यावर खटला भरायलाव? दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. मी म्हणालो, आधी चार्जर, खटल्याचे मागून बघू. मग त्याने लहान चार्जर काढून दिला.

चार्जर बसवणारा मिस्त्री आला आणि मीटर व वीजबिल पाहून थांबला. म्हणाला, काका, मंजूर भार एकच किलोवॅट हाय, अन् घराला अर्थिंग न्हाई. भार वाढल्याचा कागद दाखवल्याबिगर मी जोडणार न्हाई. या सगळ्या प्रकरणात कायद्याने वागलेला तो एकटाच.

मी अर्ज केला: घरगुती जोडणीचा मंजूर भार (लोड) वाढवून मिळणेबाबत. साहेबांनी वरची ओळ वाचली, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, बसा, लोड घेऊ नका, काका. अख्खी खोली हसली. माझी नातवंडेही असे बोलतात, त्याचा अर्थ काळजी करू नका असा होतो, हे मला समजते. मी म्हातारा आहे, अडाणी नाही. परंतु ज्या खुर्चीला लोड मंजूर करण्याचा अधिकार आहे, त्या खुर्चीतून, लोडच्याच अर्जावर हे वाक्य आले तर तो आदेश ठरतो. दुसऱ्या अर्जात मी लिहिले, की आपण दिलेला लोड घेऊ नका हा तोंडी आदेश सकारण लेखी मिळावा.

यावर साहेबांनी वायरमन पाठवला. तो बिचारा सांगू लागला, काका, कशाला कागद काळे करायलाव, साहेब लय तापलेत. अर्थिंगची तार बोअरच्या पाइपाला बांधतो, लोडचं कोन बघायलंय, समदं गाव असंच करायलंय. मी त्याला अंगणात नेले. त्याच लोखंडी पाइपाला डावा हात धरून सौभाग्यवती रोज सकाळी उभे राहण्याचा व्यायाम करते, अनवाणी, ओल्या फरशीवर; तारेतून वीज पाइपात उतरली तर ती थेट तिच्या हातात. वायरमनने तार गुंडाळली आणि चहा न घेता निघून गेला. अर्थिंगचा खड्डा मी नंतर नियमाप्रमाणे करून घेतला आणि तसे तिसऱ्या अर्जात कळवले. आता अडले आहे ते फक्त साहेबांच्या सहीवर.

सध्या गाडी परभणीत चार्ज करावी लागते. व्यायाम तासाभराचा, चार्जिंग चार-पाच तासांचे, तेवढा वेळ गाडीत बसून तिची कंबर धरते, म्हणून दिवसाआडचे आता आठवड्यातून एकदा झाले. उघडू लागलेली मूठ परत आवळत चालली आहे. मला म्हणते, तुमचे कागद पळायलेत, गाडी जागच्या जागी हाय. आणि काल म्हणाली, अहो, बांधू द्या की त्या पाइपाला, मी न्हाई धरणार पाइप. मी उठलो आणि तुमच्या वर्तमानपत्राला हे पत्र लिहायला घेतले.

म्हणून हे जसेच्या तसे छापा. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत साहेबांनी माइकपुढे उभे राहावे आणि अर्ज मंजूर की नामंजूर, आणि नामंजूर असल्यास का, हे गावासमोर सांगावे. मी सौभाग्यवतीला घेऊन येईन, पहिल्या रांगेत बसवीन. उत्तर मला देऊ नये. तिच्याकडे पाहून द्यावे.